धुऱ्यावरचा वकील

“मंग माह्याकडे आणता कायले पंप, किसनराव? दारव्ह्याले न्या ना. तिथं कुलरच्या हवेत दुरुस्ती होते म्हणे.”

“वाहिद, फोकनाड्या नको मारू. पंप आज पाहिजे मले.”

“आज कायचा फवारा? फवाराले पऱ्हाटीवर पान तं राह्यलं पाहिजे. लाल्यानं सारं वावर नवरीवानी लाल करून टाकलं तुमचं.”

“पऱ्हाटीवर कोण मारते? धुऱ्यावर मारतो. तणनाशक आणलं.”

वाहिदच्या हातातला पाना थांबला. “कोणत्या धुऱ्यावर?”

“तुह्या आन् माह्या वावराच्या मधात किती धुरे हायेत लेका? एकच हाये, त्याच्यावर. सोमवारी थे जंगल खात्याचे साहेब हार घेऊन येऊन राह्यले ना तुह्यासाठी? येऊ दे. पाहाले धुराच नसन तं हार कायच्यासाठी घालतीन?”

“वायसर नाई माह्याकडे,” वाहिद म्हणाला.

त्याच्या डोक्यावरच्या खिळ्याला चामडी वायसरांची माळ लटकत होती, दारच्या तोरणाएवढी. किसनरावांनी माळेकडे पाहिलं. वाहिदनं किसनरावांना माळेकडे पाहताना पाहिलं.

“थे दुसऱ्या मापाचे हायेत.”

“मंग बरोबर मापाचा शोधून ठेवजो. सांजच्याले येतो,” किसनराव म्हणाले आणि पंप तिथंच टेकवून चहाला निघून गेले.

आता दोन वावरांच्या मधल्या गवताच्या पट्ट्यात असं काय होतं, की एकाला ते आजच्या आज मारायचं होतं आणि दुसऱ्याच्या दुकानातले सगळे वायसर अचानक चुकीच्या मापाचे झाले? त्यासाठी वाहिद कोण हे सांगावं लागेल. फार वेळ लागणार नाही. माणूस साधा आहे, आणि त्यानं जे काही चांगलं केलं ते चांगल्या हेतूनं केलं असा आरोप त्याच्यावर अजून कोणी केलेला नाही.

बोरी अरबच्या बाजारओळीतलं शेवटचं दुकान वाहिदचं. वर टिनं, पुढं कडुलिंब, आत फवारणीचे पंप भिंतीला टेकवलेले, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या लोकांसारखे. कोणाचाही पंप आला की वाहिद आधी नळी नाकाजवळ नेऊन हुंगायचा आणि सांगायचा की आत कोणतं औषध होतं आणि दुकानदारानं त्यात पाणी किती मिसळलं होतं. औषध म्हणजे विष. आमच्याकडे विषाला औषध म्हणायची रीत आहे. भारी विष असलं की ‘जालीम औषध’ म्हणतात आणि गिऱ्हाईक खूश होतं.

कापसाची ती वर्षं फार वाईट होती असं सगळे सांगतात. वाहिद सांगत नाही. कापूस जेवढा बुडायचा तेवढा त्याचा धंदा वर यायचा. अळी आली की फवारा. अळी नाही आली तर येईल म्हणून फवारा. शेजाऱ्यानं मारला म्हणून आपलाही एक. बीटीचं बियाणं आलं तेव्हा जीपवर भोंगा लावून एक माणूस सांगत फिरला की आता फवारणी विसरून जा, आणि अख्ख्या बाजारात एकट्या वाहिदचं तोंड उतरलं. पण बोंडअळी जरा दबली तसा मावा आला, माव्यामागून तुडतुडे आले, आणि त्यांना कंटाळून कापसाची पऱ्हाटी स्वतःच लाल पडायला लागली; तोच लाल्या. लोकांनी कपाळाला हात लावला. वाहिदनं नोझलचा नवा डबा मागवला. वरच्याचं सगळ्यांकडे लक्ष असतं, यावर त्याचा विश्वास पक्का झाला.

हा झाला धंदा. शौक तितराचा.

वाहिदचे अब्बा तितरं धरायचे. पाळीव तितर पिंजऱ्यात घालून पहाटे वावरात न्यायचं आणि पिंजऱ्यावरची कापडी खोळ काढायची. पाळलेला नर ‘कटीतर, कटीतर’ करून ओरडला की रानातला नर तावातावानं धावून येतो. आपल्या हद्दीत दुसऱ्याचा आवाज त्याला खपत नाही. या बाबतीत तो थेट आमच्या गावचा वाटतो. आला की जाळ्यात. पुढं तितर धरणं आणि पाळणं, दोन्ही गुन्हा झालं. अब्बा गेले, जाळं पेटीत गेलं. शौक कायद्याला ऐकत नाही. कोणाच्या तरी वखराखालून वाचलेलं एक अंडं वाहिदनं घरच्या कोंबडीखाली ठेवलं, त्यातून नर निघाला. त्याचं नाव ठेवलं वकील. बोलायला लागला की थांबत नसे, आणि मुद्दा एकच असे.

वकील दुकानातच राहायचा, बांबूच्या पिंजऱ्यात, वर हिरवी खोळ. त्याला बाजरी चालायची, पण जीव उधईवर, म्हणजे वाळवीवर. त्यासाठी वाहिद मडक्यात शेण आणि भुसा भरून वारुळाजवळ पालथं घालून ठेवायचा. सकाळी मडक्यात उधई भरलेली असायची. बायकोनं कधी पाव किलो साखर आणायला सांगितली तर विसरणारा हा माणूस मडकं कधी विसरला नाही.

मग एका उन्हाळ्यात वकिलानं बोलणं बंद केलं.

वाहिद पडला मेकॅनिक. त्याच्या हिशोबानं जगात दोनच बिघाड असतात: नोझल जाम, नाही तर वायसर खराब. वकिलाचं नोझल जाम आहे हे त्यानं पाहताक्षणी ठरवलं. मध चाटवला, काळी मिरी कुटून घातली, बदाम घासून दिले, पिसानं घशात कोमट तेल सोडलं. दारव्ह्याच्या एका हकिमाकडे पिंजरा घेऊन गेला. हकिमानं वकिलाला न बघता वाहिदलाच शक्तीचं चूर्ण दिलं. वकील हे सगळं खाऊन चांगला गुबगुबीत झाला, पण तोंडातून शब्द नाही.

शेवटी निदान केलं त्याच्या बायकोनं, अतियानं. घरात ही मंडळी हिंदीत बोलतात, पण भांडण वऱ्हाडीत करतात. हिंदीत टोमणा मारला तर तो अर्ध्यात विरतो म्हणे.

“त्याचा घसा चांगला हाये,” भाकरी थापता थापता ती म्हणाली. “जाम तं तुमचं डोस्कं हाये.”

“तुले काय समजते तितरातलं?”

“तितरातलं नाई समजत, बोलण्यातलं समजते. लग्न झालं तवा मी दिवसभर बोलत होती. तुमी हूं नाई का चूं नाई. मंग मीबी बंद केलं. समोरून जवाबच नाई येत तं कोण बोलन? मले समजाले गंज वर्षं लागले. पाखरू हुशार असते.”

वाहिदनं याच्यावर हूं केलं नाही की चूं केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पिंजरा सायकलला अडकवून तो वावरात गेला.

खोळ काढली. ऐकत उभा राहिला. पूर्वी याच जागी चहूकडून जवाब यायचे. आता लांबून एक ट्रॅक्टर ऐकू आला, आणि कोणाच्या तरी खिशातल्या मोबाइलवर वाजलेली आरती. तितर नाही. दुसऱ्या शिवारात गेला, तिथंही नाही. अडाण नदीच्या काठानं वर गेला, तिथं कापूस थेट पाण्यात उतरलेला. मग त्यानं पहिल्यांदा मान वर करून वावरांकडे बघितलं. तोवर तो फक्त पंपांकडे बघत होता.

वावरं होती, धुरे नव्हते. धुरा म्हणजे दोन वावरांमधली हद्द. एके काळी त्याच्यावरून बैलबंडी जायची, दोन्ही अंगाला बोराटी, हिवर, कंबरेएवढं गवत. कापसाला भाव मिळेना तेव्हा लोकांनी भाव सोडून धुरा धरला. दर साली एक तास, म्हणजे पिकाची एक ओळ, जास्त काढायचा, वखर थोडा आत घालायचा. असं दोघांनी दोन बाजूंनी कोरत आणलं, आणि उरलेल्या दोरीएवढ्या गवताला वैशाखात काडी. वावर साफ दिसलं पाहिजे ना. आमच्याकडे घरात पाय ठेवायला जागा नसली तरी चालते, पण धुऱ्यावर गवत दिसलं तर पोराला पोरगी मिळत नाही.

आणि वारुळं? ती तर लोकांनी दाणेदार औषध टाकून कधीच मोकळी केली होती. म्हणूनच मडकी इतक्यात रिकामी निघत होती. वाहिदला वाटत होतं की शेण खराब आहे.

तितर सापडलं ते कब्रस्तानात. जुम्याला अब्बांच्या कबरीवर फातेहा पढायला गेला, तेव्हा पिंजरा सायकललाच होता. दुआसाठी हात वर केले आणि मागून बोराटीतून आवाज आला, ‘कटीतर, कटीतर’. खोळीच्या आत वकील ताडकन उभा राहिला आणि कित्येक महिन्यांचा तुंबलेला युक्तिवाद एका दमात मांडला. वाहिदनं दुआ अर्ध्यात सोडली. अब्बा असते तर त्यांनीही सोडली असती.

त्यानंतर तो रोज कब्रस्तानाच्या भिंतीवर जाऊन बसायला लागला. लोकांना वाटलं, वाहिदला वैराग्य आलं. तो तर चोर घर बघतो तसा ती जागा बघत होता: पाखरं शिरतात कुठून, निजतात कुठं, खातात काय. बोराटी खालपासून काटेरी, म्हणून वरून शिकऱ्याला झडप घालता येत नाही. गवत झुबक्याझुबक्यानं, मधात पळायला वाटा. खाली धूळ, अंग घोळायला. वारुळं साबूत. आणि औषधाचा थेंब नाही, कारण मेलेल्या माणसाला लाल्या होत नाही. गावातल्या मेलेल्यांनी पाखरांची एवढी सोय केली होती. जिवंत लोकांना तेवढी फुरसत नव्हती.

आता रोज पिंजरा घेऊन कब्रस्तानात गाणी ऐकत बसणं काही शोभत नव्हतं. मौलवीसाहेब एकदा बोललेही. म्हणून वाहिदनं ठरवलं की असंच कब्रस्तान आपल्या वावरात करायचं, कबरी सोडून.

त्याचं वावर म्हणजे सासऱ्यानं दिलेला तुकडा, किसनरावांच्या वावराला लागून. पुढच्या वैशाखात त्यानं धुऱ्याला काडी लावली नाही. आपल्या बाजूचे काही तास पेरलेच नाहीत, पडीत सोडले. लोक बोराटी तोडून फेकतात, यानं तोडलेल्या बोराटीचे झिलारे, काटेरी फांद्याच त्या, बंडीत घालून आणले आणि धुऱ्यावर पसरले. कब्रस्तानातल्या गवताचं बी आणून विखुरलं. त्या पट्ट्यावर औषध मारलं नाही. पंप दुरुस्त करणाऱ्याच्याच वावरात पंप जाईना. हलवायाला गोड वर्ज्य झालं तर लोक हसतात, तसं गाव हसलं.

“काय वाहिदभाऊ, कब्रस्तान वाढवून राह्यले काय?”

“हो. तुमची जागा राखून ठेवली. या लवकर.”

किसनराव तेव्हा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, “माह्या अर्ध्या धुऱ्याले हात लावजो नको.” वाहिदनं लावला नाही. गवत मात्र हद्द बघून उगवत नाही.

आणि मग त्यानं ती चूक केली, जी पंपवालाच करू शकतो.

पुढचा उन्हाळा कडक होता. पाखरांना पाणी पाहिजे, हे त्याला समजलं. भांडं कुठून आणावं, यावर त्याला विचारच करावा लागला नाही. दुकानामागं फुटक्या पंपाच्या टाक्यांचा ढीग पडला होता. त्यानं टाक्या आडव्या कापल्या, निरम्यानं घासल्या, दोन पाण्यांनी खळखळल्या आणि धुऱ्यावर बोराटीच्या सावलीत मांडल्या. पाणी भरलं. चार माणसांना नेऊन दाखवलं.

दोन-तीन दिवसांनी गेला तर टाकीजवळ होले पडलेले, पाय वर. थोडं पुढं गवतात तितराची मादी. कब्रस्तानातलीच असावी, त्या कोरड्या शिवारात पाण्याच्या वासानं एवढ्या लांब आली असेल. चोच उघडी, पिसं अजून ओली. वाहिदनं टाकी उचलून हुंगली. कोणतं औषध होतं, तेही त्याला समजलं, आणि ते पाणी न मिसळलेलं, खरं होतं.

त्यानं खड्डा खणून सगळं पुरलं. पण बातमी पुरता येत नाही. बाजारात कोणीतरी म्हणालं, “वाहिदनं पाखराइसाठी पाणपोई लावली, आन् एकबी पाखरू तहानलेलं वापस नाई गेलं.” त्या दिवशी तो दुकान उघडून बसला आणि दिवसभर एकाही पंपाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून मातीची पसरट परळं आणली आणि जमिनीत काठापर्यंत गाडली. टाक्यांचा ढीग खड्ड्यात घातला. तेवढंच. टाकीतलं पाणी प्यायलेल्या माणसांची मोजदाद त्या वर्षांत कोणी केली नाही, आणि हा तर पाखरांचा मामला.

पाऊस आला, गवत उभं राहिलं. वारुळ फुगलं. मडक्यात उधई दिसायला लागली. हिवाळ्यात सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, करून बायांनी कापूस वेचायला सुरुवात केली, तेव्हा धुऱ्यावर ठेवलेला दहीभात कोणीतरी टोचून नेला होता; बाया म्हणाल्या, देवीनं खाल्ला. वाहिदनं मातीत पायांचे ठसे बघितले आणि देवीला तीन बोटं पुढं, एक मागं असतं हे मनात ठेवलं.

आणि एका पहाटे खोळ काढल्याबरोबर धुऱ्यातून जवाब आला. वकील पिंजऱ्याच्या काड्या तोडायला निघाला. समोरचा तितर गवताबाहेर आला, मान फुगवून, पाय आपटत, थेट पिंजऱ्यापर्यंत. वाहिद हात लांबवून धरू शकला असता.

त्या दिवशी घरी येऊन त्यानं पेटी उघडली आणि अब्बांचं जाळं बाहेर काढलं. झटकलं, गाठी तपासल्या.

“धरून आणणार काय?” अतियानं विचारलं.

“पाह्यतो.”

“आणा. भाजी चांगली होईन. मंग हा वापस मुका झाला तं मध, बदाम, तेल तयार ठेवते.”

जाळं पेटीत परत गेलं. त्यात दया-माया काही नव्हती. समोरची पार्टीच कापून खाल्ली तर रोज भांडायचं कोणाशी, एवढा व्यवहार वाहिदला कळत होता.

पुढच्या पावसाळ्यात धुऱ्यातून पिलांची रांग निघाली. मागोमाग लावऱ्या आल्या, ससा आला, एक मुंगूस आलं. आणि त्यांच्या मागून, सगळ्यांच्या मागून येतं तसं, सरकार आलं.

सरकार म्हणजे बाबूसिंग. जंगल खात्याचा नाकेदार, जवळच्या तांड्यातला. रोज दुकानावर चहा प्यायला यायचा आणि पिंजऱ्याकडे पाठ करून बसायचा. कायद्याचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ तितराकडे, अशी कितीतरी वर्षं सुखाची गेली होती. त्या दिवशी तो खुर्ची ओढत म्हणाला, “वाहिदभाई, तुमचं नाव देल्लं मी.”

“कायच्यात?”

“नवीन साहेब हायेत. वन्यजीव सप्ताह आला. शेतकऱ्यानं सोताहून अधिवास सुधारला, असा एक माणूस पाहिजे होता त्याईले. सोमवारी येतीन. हार, नारळ, फोटो.”

“अधिवास म्हंजे?”

“तुमच्या धुऱ्यावरचं गवत.”

“मंग गवत म्हणा ना.”

“गवताले सत्कार भेटत नाई, भाई. आन् धुऱ्यावर बोर्ड लागन. लोखंडी. हिरवा. फकत,” पाठ न वळवता त्यानं अंगठ्यानं मागं दाखवलं, “हे सायेब त्या दिवशी सासुरवाडीले पाठवजा.”

बोर्डाची बातमी किसनरावांच्या कानावर गेली आणि पेटलं. माणूस भित्रा नाही, पण लोखंडी हिरव्या बोर्डाला घाबरतो. “आज पाखराचा बोर्ड लागते,” ते चौकात सांगत सुटले, “उद्या त्याच्याभोवती तार लागते, परवा म्हणतेत इथून बैल नेऊ नका. मंग मी माह्या वावरात चप्पल हातात घेऊन जाऊ काय?” आमच्याकडे एखाद्या जागेचं कौतुक करायला वरून कोणी आलं की ती जागा गेली, असं लोक धरून चालतात. सगळ्या वेळी ते चुकतात असंही नाही. म्हणून साहेब यायच्या आत धुराच संपवायचा, असं किसनरावांनी ठरवलं, तणनाशकाचा डबा आणला आणि नादुरुस्त पंप घेऊन थेट वाहिदकडेच आले. दुसरीकडे जायला लाज वाटली असती. दुरुस्ती वाहिदचीच चांगली.

सांजच्याला ते परत आले तेव्हा पंप तसाच होता.

“नाई झाला?”

“बसा. एक सांगा. सोमवारी साहेब नाई आले तं?”

“तं कायले मारीन? मले काय गवताशी दुश्मनी हाये? माह्या बाया तिथंच बसून भाकर खातेत.”

“बोर्ड नाई लागला तं धुरा राह्यन?”

“राह्यन. पण साहेब येणार नाई काय, लेका? यादी गेली वर. नाव काय तुह्या सांगण्यानं कटते?”

“गुन्हेगाराचं कटते,” वाहिद म्हणाला.

किसनरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खोळ घातलेल्या पिंजऱ्याकडे पाहिलं. “भैताड झाला काय तू?”

वाहिदनं माळेतला एक वायसर ओढून काढला, तेलात बुडवला आणि पंपात बसवला. अगदी बरोबर मापाचा निघाला. पंप किसनरावांच्या हातात देत तो म्हणाला, “रविवारपर्यंत थांबा. मंग मारा नाई तं ठेवा.”

घरी जाऊन त्यानं जाळं काढलं. एका हातात जाळं, एका हातात पिंजरा.

“कुठं निघाले?” अतियानं विचारलं.

“गुन्हा कबूल कराले.”

“कोणता? गंज हायेत तुमचे.” मग तिनं पिंजरा पाहिला आणि टोमणा तिथंच थांबला. आत जाऊन तिनं मडक्यातली उधई वाटीत काढून आणली आणि काड्यांमधून वकिलाला खाऊ घातली. खाऊन झाल्यावर हात धुतले आणि म्हणाली, “जा मंग.”

बाबूसिंगनं दार उघडलं आणि आधी पाठच वळवली. सवय.

“वळा इकडे,” वाहिद म्हणाला. “हा तितर. हे जाळं. मी वाहिद. लिवा.”

“अरे भाई, माही नोकरी खाता काय? सायेब विचारतीन, इतके वर्षं काय पाह्यत होता?”

“आजच मान मोकळी झाली म्हणा.”

“तुमचा सत्कार हाये, वाहिदभाई! हार सांगून ठेवला!”

“थो शाळेच्या मास्तराले घाला. त्यानं झाडं लावले हायेत. जगले नाई, पण लावले.”

मग बाबूसिंगनं फोन लावला. पलीकडून साहेब काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण बाबूसिंग उभा राहून ऐकत होता, त्यावरून अंदाज आला. हुकूम झाला: गुन्हा नोंदवा, जाळं जप्त, पक्षी पंचांसमक्ष जवळच्या योग्य अधिवासात मुक्त करा.

शनिवारी सकाळी बाबूसिंग पिंजरा घेऊन शिवारात उभा राहिला आणि योग्य अधिवास शोधायला लागला. पूर्वेला पऱ्हाटी, पश्चिमेला पऱ्हाटी, समोर पऱ्हाटी. फिरून फिरून तो वाहिदच्या धुऱ्यावर आला. पंच म्हणून कोण? तर किसनराव, शेजारी, हजर होतेच. धुऱ्याचा जीव घ्यायला निघालेला माणूस त्याच धुऱ्यावर उकिडवा बसून ‘पक्षी योग्य अधिवासात सोडला’ याच्याखाली सही करत होता.

पिंजऱ्याचं दार उघडलं. वकील बाहेर आला, इकडं तिकडं बघितलं आणि वाहिदच्या चपलेवर जाऊन बसला.

“मुक्त हो ना बाप्पा,” बाबूसिंग म्हणाला. “मले अजून दोन गावं हायेत.”

वाहिदनं पाय झटकला. वकील उतरला, पुन्हा चढला. वाहिद चार पावलं मागं गेला, वकील त्याच्या मागं पळत आला. पंचांना हसू आवरेना. तेवढ्यात धुऱ्यातून तो आवाज आला. वकिलाची मान फुगली. चप्पल, मालक, पंच, सरकार सगळं विसरून तो गवतात घुसला, आणि आत जे काही झालं त्याची थोडी पिसं बाहेर आली.

“मार खाऊन राह्यला,” किसनराव म्हणाले.

“खाऊ द्या,” वाहिद म्हणाला. पण तो गवताकडे बघतच राहिला.

सोमवारी मास्तरांचा सत्कार झाला. पेपरात एका कोपऱ्यात आलं की बोरी अरबच्या इसमाकडून तितर आणि जाळं जप्त. गावानं बातमी मोठ्यानं वाचली. किसनराव शब्दाला जागले, धुऱ्याला हात लावला नाही. डबा मात्र फुकट कसा जाऊ द्यायचा? तो त्यांनी वावराच्या पलीकडच्या अंगाला, भावाच्या आणि त्यांच्या मधल्या धुऱ्यावर मारला. तिथला पट्टा चार दिवसांत तंबाखूसारखा पिवळा पडला. तिथं बोर्ड लावायला कोणी येणार नव्हतंच, पण वावर साफ दिसलं.

वाहिद अजूनही पहाटे जातो. पिंजरा नसतो, मडकं असतं. उधई परळाच्या काठाशी पालथी करायची आणि ऐकायचं. कधी दोन आवाज येतात, कधी एक. एक आला की तो कोणाचा, हे समजेपर्यंत त्याला बिडी पेटवता येत नाही.

परवा गेला तर धुऱ्यातून जुन्या तितराचा आवाज आला, वकिलाचा नाही. उन्हं वर आली तरी नाही. वाहिदनं धुरा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून बघितला, बोराटीनं हात ओरबाडून घेतले. मग आवाज आला तो चुकीच्या बाजूनं, किसनरावांच्या पऱ्हाटीतून. आदल्याच दिवशी तिथं फवारा झाला होता; वास अजून नाकात जात होता. आणि पानांखाली वकील मेलेल्या अळ्या वेचत आरामात फिरत होता.

“हट्! हट् बे! तिकडं कुठं मरून राह्यला?” वाहिद पऱ्हाटीत घुसला. ढेकळं उचलून मारत, शिव्या देत, त्याला तासातासानं हाकलत त्यानं धुऱ्यापर्यंत आणलं. वकील गवतात शिरला आणि आतून त्यालाच उलट बोलला. त्यानं किती अळ्या खाल्ल्या असतील, हे त्याला विचारून काही उपयोग नव्हता.

दुकानावर तीन जण पंप घेऊन उभे होते. त्यानं कुलूप उघडलं, माळेतला वायसर काढून तेलात टाकला आणि पहिला पंप ओढून त्याची नळी नाकाला लावली.

“टाकी धुतली नाई काय रे? हे काय तूप हाये काय, तळाशी ठेवाले? जा, हापशीवर धुऊन आण. आन् तिथं कोंबड्या हायेत, जरा दूर धूजो.”